करार दिल्लीत, भाव जालन्यात

परदेशांशी होणाऱ्या मुक्त व्यापार करारांची चर्चा नेहमी अब्जावधी डॉलरच्या आकड्यांत होते. जालन्यासारख्या जिल्ह्याच्या बाजूने पाहिले तर मात्र शेतमालाच्या भावावर करारापेक्षा एखादी लहानशी अधिसूचनाच अधिक आघात करते, असे दिसते. करारांचा लाभ आणि तोटा मोजताना या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

ऑगस्ट २०२५ मधील गोष्ट. पोळा चार दिवसांवर आला होता. जालना, अंबड, घनसावंगी, भोकरदनच्या शिवारात कपाशी पात्या-फुलांवर होती. अशा वेळी, १८ ऑगस्ट रोजी, केंद्रीय अर्थमंत्रालयाने एक अधिसूचना काढली. कापसावरील ११ टक्के आयातशुल्क दुसऱ्याच दिवसापासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ करण्यात आले. दहा दिवसांच्या आत ही मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. ऑक्टोबर ते डिसेंबर हा मराठवाड्यातील कापूस वेचणीचा ऐन हंगाम. म्हणजे नवा कापूस बाजारात येण्याचा संपूर्ण काळ शुल्कमाफीत गेला. भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, आपल्याकडील गाठींचे विक्रीदर लगेच खाली आणले. त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता; खुल्या बाजारात तो मिळणे दुरापास्त झाले. सप्टेंबरमधील अतिवृष्टीने भिजलेला कापूस घेऊन शेतकरी खरेदी केंद्रावर गेला, तेव्हा त्याच्यासमोर ऑनलाइन नोंदणीची अट आणि १२ टक्के आर्द्रतेची मर्यादा उभी होती.

या निर्णयामागे कारण नव्हते असे नाही. अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क २७ ऑगस्टपासून ५० टक्क्यांवर नेले होते आणि वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्च्या मालाची निकड होती. परंतु लक्षात घेण्याजोगी बाब वेगळीच आहे. ही शुल्कमाफी कोणत्याही मुक्त व्यापार कराराच्या कलमानुसार आलेली नव्हती. ज्या करारांविरुद्ध मोर्चे निघतात, ज्यांवर परिसंवाद झडतात, त्यांपैकी एकानेही भारताला हे करण्यास भाग पाडले नव्हते.

करारांची रांग

भारताचा मुक्त व्यापाराचा प्रवास शेजाऱ्यांपासून सुरू झाला. श्रीलंकेशी करार झाला डिसेंबर १९९८ मध्ये. दक्षिण आशियाई देशांचा ‘साफ्टा’ १ जानेवारी २००६ रोजी अमलात आला. ‘आसियान’ देशांशी वस्तुव्यापाराचा करार ऑगस्ट २००९ मध्ये झाला, तेव्हा मिरी, रबर आणि पामतेलाच्या चिंतेने केरळ पेटून उठले होते. महाराष्ट्रात मात्र फारशी चर्चा झाली नाही. त्याच सुमारास दक्षिण कोरिया आणि पुढे जपान आले. पुढे दीर्घ विराम होता, आणि ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारताने बँकॉकमध्ये ‘आरसेप’ या विशाल गटातून अंग काढून घेतले. चीनचा स्वस्त माल आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाची दूधभुकटी ही त्यामागची मुख्य भीती होती.

२०२२ पासून मात्र चित्र पालटले. संयुक्त अरब अमिरात आणि ऑस्ट्रेलियाशी त्याच वर्षी करार झाले. स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी चार देशांच्या ‘एफ्टा’ गटाशी मार्च २०२४ मध्ये आणि ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. डिसेंबर २०२५ मध्ये ओमानशी करार झाला आणि न्यूझीलंडशी वाटाघाटी पूर्ण झाल्या. २७ जानेवारी २०२६ रोजी युरोपीय संघाबरोबरच्या, जवळजवळ दोन दशके रखडलेल्या वाटाघाटी संपल्याची घोषणा नवी दिल्लीत झाली. एकेकाळी करारांना बिचकणारा देश आता एकामागून एक दारे उघडत आहे.

वगळलेल्या यादीची ढाल

या सर्व करारांत एक सूत्र समान आढळते. प्रत्येक करारात भारत काही वस्तूंची ‘वगळलेली यादी’ ठेवतो आणि दूध, धान्य यांसारखा संवेदनशील शेतमाल तिच्यात सुरक्षित ठेवण्याचा प्रयत्न करतो. जिथे सवलत द्यावीच लागते, तिथे तिला संख्येची मर्यादा घातली जाते. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण बोलके आहे. त्या कराराने ऑस्ट्रेलियन कापसाला शुल्कमुक्त प्रवेश दिला, पण वर्षाला ५१ हजार टन, म्हणजे १७० किलोच्या सुमारे तीन लाख गाठी, एवढाच. संत्र्यावरील शुल्क निम्मे झाले, तेही १३,७०० टनांच्या मर्यादेत. भौगोलिक मानांकन लाभलेल्या जालन्याच्या मोसंबीला या आकड्याने धडकी भरावी, असे काही नाही.

आता या तीन लाख गाठींशी ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेची तुलना करावी. करारात एका देशासाठी वार्षिक मर्यादा होती, आणि ती वर्षानुवर्षांच्या घासाघिशीनंतर ठरली होती. अधिसूचनेत साऱ्या जगासाठी, साडेचार महिने, कोणतीही मर्यादा नव्हती. ढाल समोर धरली होती. वार मागून झाला.

ढालीलाही पुढे चिरा पडणार नाहीत, याची शाश्वती मात्र नाही. फेब्रुवारी २०२६ मधील भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात ज्या कृषी वस्तूंवरील शुल्क कमी किंवा रद्द करण्याचा उल्लेख झाला, त्यांत सोयाबीन तेल आणि इथेनॉलनिर्मितीतून उरणारा ‘डीडीजीएस’ हा पशुखाद्याचा घटक होता. ही दोन्ही नावे जालन्याच्या सोयाबीन उत्पादकाने नीट वाचावीत अशी आहेत. सोयाबीनच्या दाण्यात तेल असते सुमारे १८ टक्के. बाकीची किंमत पेंडीतून येते. एका बाजूने स्वस्त तेल आणि दुसऱ्या बाजूने पेंडीला पर्याय ठरणारे खाद्य आले, तर दाण्याचा भाव दोन्हीकडून दाबला जातो.

हात कोणी बांधले?

सोयाबीनची कहाणी कापसापेक्षाही अधिक शिकवणारी आहे. भारत दरवर्षी सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात करतो. ही परावलंबिता करारांमुळे आली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ‘आसियान’ करारानुसार कच्च्या पामतेलावर ३७.५ टक्के शुल्क लावण्याची मुभा भारताने राखून ठेवली आहे. जागतिक व्यापार संघटनेत सोयाबीन तेलावर ४५ टक्क्यांची कमाल मर्यादा मान्य केलेली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील एकूण शुल्क २७.५ टक्क्यांवर नेले, तेव्हा ते या मर्यादांच्या आतच होते. ३० मे २०२५ रोजी, म्हणजे खरिपाची पेरणी तोंडावर आली असताना, ते १६.५ टक्क्यांवर आणण्यात आले. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण मोंढ्यातील भाव त्याच्या बराच खाली राहिला. येथे करारांनी सरकारचे हात बांधले नव्हते. हात मोकळे होते. ते कोणत्या बाजूला वळवायचे, हे दिल्लीनेच ठरवले.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला होता. कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून सरकारने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. हंगामातील आवकेचा त्यात वाटा होता हे खरे, पण आयातीच्या घोषणेने बाजाराची दिशा आधीच ठरवून टाकली होती. त्याच वर्षी २० डिसेंबरला सोयाबीनचे वायदे व्यवहारही स्थगित झाले. तुरीची आयात मे २०२१ मध्ये खुली झाली. ती सवलत मुदतवाढ मिळत मार्च २०२६ पर्यंत चालत राहिली. म्हणजे ज्या पिकांना करारात संरक्षण आहे, त्यांचेच भाव अधिसूचनेने खाली येतात.

शहरी ग्राहकाला तेल आणि डाळ परवडली पाहिजे, यात दुमत नाही. महागाई रोखणे हे कोणत्याही सरकारचे कर्तव्यच आहे. आक्षेप आहे तो वेळेला. पेरणीच्या वेळी एक शुल्क, काढणीच्या वेळी दुसरे, अशा खेळात ज्याला आपला निर्णय चार महिने आधी घ्यावा लागतो, तोच नेहमी हरतो. व्यापारी साठा फिरवू शकतो, गिरणीमालक आयातीची ऑर्डर बदलू शकतो. पेरलेले बी मात्र उकरून काढता येत नाही.

नेपाळचा आडमार्ग

करार पूर्णपणे निर्दोष आहेत, असाही याचा अर्थ नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वाढताच नेपाळमधून शुद्ध केलेल्या सोयाबीन तेलाची आवक एकाएकी वाढली. नेपाळमध्ये एवढे सोयाबीन पिकत नाही. तिसऱ्या देशातून कच्चे तेल आणायचे, त्यावर प्रक्रिया करायची आणि शेजारी म्हणून मिळणाऱ्या शून्य शुल्काच्या सवलतीत ते भारतात पाठवायचे, हा त्यामागील व्यवहार. देशातील तेलगिरण्यांनी याविरुद्ध वारंवार तक्रार केली.

मुक्त व्यापारातील सर्वात कळीचा मुद्दा येथेच आहे: माल खरोखर कोणत्या देशाचा? करारात त्यासाठी मूळ देशाचे नियम असतात. किती टक्के मूल्यवर्धन झाले म्हणजे माल त्या देशाचा मानायचा, हे त्यात ठरलेले असते. भारताने सप्टेंबर २०२० पासून या तपासणीचे नियम कडक केले आणि आयातदारावर माहिती देण्याची जबाबदारी टाकली. तथापि सीमेवरील अंमल ढिला असेल, तर करारातील उत्तम कलमही कागदावरच राहते.

एका जिल्ह्याची दोन टोके

एवढे वाचून आयातीला सरसकट विरोध हाच जालन्याचा हिताचा मार्ग, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकेल. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत. मुंबई-पुण्यातील इमारतींत वापरली जाणारी बरीच लोखंडी सळई येथून जाते. या भट्ट्यांना लागते भंगार आणि स्पंज आयर्न, आणि भंगाराचा मोठा भाग समुद्रमार्गे येतो. या उद्योगाला आयातशुल्क नको असते.

१ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याच भाषणात कापसावर पुन्हा शुल्क लागले, कच्च्या रेशमावरील शुल्क १० वरून १५ टक्के झाले आणि पोलादाच्या भंगारावरील शुल्क माफ झाले. तिन्ही निर्णय जालन्याच्या वेगवेगळ्या माणसांना भिडणारे होते. कापूस उत्पादकाला आधार मिळाला. राज्यातील पहिली रेशीम कोष बाजारपेठ २०१८ मध्ये जालन्यात सुरू झाली होती. चिनी रेशमाशी झुंजणाऱ्या कोष उत्पादकाला दिलासा मिळाला. भट्टीवाल्याला कच्चा माल स्वस्त झाला. एकच जिल्हा एकाच दिवशी संरक्षणही मागतो आणि मोकळीकही मागतो. त्यामुळे ‘मुक्त व्यापार हवा की नको’ हा प्रश्नच येथे अपुरा ठरतो. कोणत्या मालाला, किती आणि केव्हा, हा खरा प्रश्न आहे.

शिवाय शुल्क शून्य झाले म्हणजे वाट मोकळी झाली, असेही नाही. युरोपीय संघाच्या टाकाऊ मालाच्या वाहतुकीविषयीच्या नव्या नियमांतील निर्यातीचे निर्बंध २१ मे २०२७ पासून लागू होत आहेत. पर्यावरणाची काळजी घेऊन भंगारावर प्रक्रिया करण्याची क्षमता आपल्याकडे आहे, हे सिद्ध करणाऱ्या देशांनाच युरोपातून भंगार मिळेल. सीमाशुल्काची भिंत पडते तिथे पर्यावरणाची नवी भिंत उभी राहते. जालन्याच्या भट्ट्यांच्या धुराड्यांचा प्रश्न आजवर स्थानिक प्रदूषणाचा मानला गेला. यापुढे तो कच्च्या मालाच्या पुरवठ्याचाही ठरेल.

लाभ गाठीबरोबर निघून जातो

ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या करारांतून भारताच्या कपड्यांना मोठी संधी मिळेल, असे सांगितले जाते आणि ते निराधार नाही. तेथे भारतीय तयार कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत शुल्क लागत आले. बांगलादेशाचा माल मात्र अल्पविकसित देश म्हणून शुल्कमुक्त जात असे. हे अंतर मिटले तर मागणी वाढेल. पण तो लाभ पोहोचणार कुठे? जालन्याचा कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईची गाठ बांधली जाते आणि बहुतांश गाठी जिल्ह्याबाहेर रवाना होतात. सूत, कापड आणि शिलाई या पुढच्या तिन्ही पायऱ्या, जिथे खरा पैसा आणि खरा रोजगार आहे, त्या मुख्यतः इतरत्र आहेत. युरोपचे दार उघडल्याचा आनंद तिरुपूरला होईल. जालन्याच्या वाट्याला गाठीचा भावच येईल, आणि तोही आयात गाठीशी तोलून.

जिल्ह्याला जगाशी जोडण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. जवाहरलाल नेहरू बंदराच्या जालन्यातील ‘ड्राय पोर्ट’ची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली, त्यानंतरची अनेक वर्षे मात्र प्रतीक्षेतच गेली. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि जालन्याहून मुंबईचे अंतर तासांत मोजण्याइतके कमी झाले. परंतु रस्ता माल नेतोही आणि आणतोही. निर्यात करण्याजोगा प्रक्रिया केलेला माल जिल्ह्यात तयार झाला नाही, तर त्याच सोयींनी परकीय माल अधिक वेगाने दारात येईल.

बियाण्याचा अलक्षित प्रश्न

जालन्याची आणखी एक ओळख बियाण्यांची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे ‘महिको’ची स्थापना केली, त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये देशातील पहिल्या बीटी कापसाला मान्यता मिळाली ती याच कंपनीच्या संकरित वाणांना. त्यामुळे करारांतील बौद्धिक संपदेचा अध्याय या जिल्ह्याला परका नाही.

विकसित देशांची जुनी मागणी आहे की, भारताने नव्या वाणांच्या संरक्षणाचा ‘यूपोव्ह’ हा आंतरराष्ट्रीय करार १९९१ च्या स्वरूपात मान्य करावा. ‘आरसेप’च्या वाटाघाटींत जपान आणि दक्षिण कोरियानेही तसा आग्रह धरला होता. भारताने आजवर तो मानलेला नाही. देशाचा २००१ चा कायदा शेतकऱ्याला आपल्या पिकातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि कंपनीचे नाव न लावता विकण्याचाही हक्क देतो. संकरित कपाशीत हा हक्क फारसा उपयोगी नाही, कारण ते बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते. सोयाबीन, तूर आणि हरभऱ्यात मात्र घरचे बियाणे उगवण तपासून वापरणे ही आजही खर्च वाचवण्याची भरवशाची रीत आहे. बियाणे उद्योगाला कडक संरक्षण हवेसे वाटू शकते, तर शेतकऱ्याला ते महाग पडू शकते. येथेही जालन्याची दोन टोके समोरासमोर उभी राहतात, आणि शुल्काप्रमाणे हे कलम एका अधिसूचनेने मागे घेता येत नाही.

निर्णयाचे दिनदर्शक हवे

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात एक विलक्षण योगायोग आहे. केंद्रसूचीतील चौदावी नोंद परदेशांशी करार करण्याची, तर राज्यसूचीतील चौदावी नोंद शेतीची. करार केंद्राने करायचे आणि परिणाम राज्याच्या विषयावर व्हायचे, अशी ही रचना. करारांना संसदेची पूर्वसंमती लागत नाही. सीमाशुल्कात सवलत देणारी अधिसूचना तर प्रशासकीय पातळीवरच निघते. या दोन्हींवर राज्यांचा आवाज ऐकू येण्याची व्यवस्था नाही.

ती व्यवस्था उभारणे अशक्य नाही. प्रमुख पिकांवरील आयातशुल्क पेरणीपूर्वी जाहीर करावे आणि काढणी संपेपर्यंत ते बदलू नये, एवढा संकेत पाळला तरी मोठा फरक पडेल. आयात माल बंदरात हमीभावापेक्षा स्वस्त पडत असेल, तर शुल्क घटवू नये, असे सूत्र ठरवता येईल. ज्या उद्योगाला स्वस्त कच्चा माल देणे राष्ट्रीय हिताचे आहे, त्याला अनुदान द्यावे. त्याचा भार हमीभावाखाली विकणाऱ्या शेतकऱ्यावर टाकू नये. राज्यानेही आपली जबाबदारी ओळखली पाहिजे. सूत आणि कापडापर्यंतची साखळी मराठवाड्यात उभी राहिली नाही, तर कितीही करार झाले तरी जिल्ह्याचे स्थान कच्चा माल पुरवणाऱ्याचेच राहील.

जालना म्हणजे सोन्याचा पालना, अशी म्हण मराठवाड्यात रूढ आहे. कापसाच्या आणि धान्याच्या व्यापाराने या शहराला ती ओळख दिली. म्हणजे व्यापाराला भिणारा हा प्रदेश कधीच नव्हता. जगाशी सौदा करायला तो आजही तयार आहे. सौदा ठरल्यानंतर आणि पीक उभे राहिल्यानंतर अटी बदलू नयेत, एवढीच त्याची अपेक्षा आहे, आणि मोंढ्यातील साधा आडत्यासुद्धा ती रास्त मानील.